हँडल फिरवलं की जोर मारणारा पैलवान: ऑटोमाटा बनवणाऱ्यांनी जरा इकडं या

फिटर_उद्यमनगर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होतो, आज दुकान लवकर बंद केलंय तर लिहूनच टाकतो. लांबणार आहे.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात फिटर, ऑइल इंजिन आणि पंपाची दुरुस्ती करतो, २२ वर्षं झाली. दिवसभर ते काम आणि संध्याकाळी सातनंतर शटर अर्धं ओढून मागच्या टेबलावर माझं दुसरं काम सुरू होतं, ते म्हणजे हलणाऱ्या लाकडी बाहुल्या. बॅटरी नाही, मोटर नाही, खाली खोक्यात एक शाफ्ट म्हणजे फिरणारी आडवी दांडी, शाफ्टवर कॅम, कॅमवर टेकलेली उभी दांडी आणि बाजूला हँडल. हँडल फिरवलं की वरची बाहुली काहीतरी काम करते. ऑटोमाटा म्हणतात याला. आमच्या घरात नुसतं खोका म्हणतात, कितवा खोका चाललाय असं विचारतात.

नाद लहानपणीचा हाय. गणपतीत वडील राजारामपुरीचे तांत्रिक देखावे बघायला न्यायचे, एका मंडळाचा पडदा खालनं फाटला होता आणि त्यातनं सायकलची चेन फिरताना दिसली. वर राक्षस तोंड उघडायचा आणि खाली ती चेन. मी राक्षस सोडून चेनच बघत बसलो, वडील हात ओढायले तरी हलेना. पुढं इंजिनच्या कामात आलो, कॅमशाफ्ट हातात आला, तेव्हा कळलं की त्या चेनीच्या पुढं काय असतं. कॅम म्हणजे काय, तर मुद्दाम गोल न ठेवलेलं चाक. त्याच्या कडेवर जो चढ-उतार कोराल तो वरच्या दांडीला करावाच लागतो, इंजिनात कॅमवर टेकलेल्या टॅपेटला करावा लागतो तसा. म्हणजे हालचाल आपण आधी कडेवर लिहून ठेवायची आणि हँडल फिरवणाऱ्यानं ती वाचायची.

आतापर्यंत चार खोके झाले. दाणे टिपणारी कोंबडी, जात्यावर दळणारी बाई, गुऱ्हाळाचा बैल आणि खलबत्त्यात पान कुटणारी आजी. पाचवा तालमीत जोर मारणारा पैलवान, त्यात मी अडकलोय.

पैलवान १४ सेंटिमीटरचा, शिवणीच्या लाकडाचा. हातपाय जमिनीवर पक्के, खांद्याला एक दांडी आणि कमरेला एक, दोन्ही खाली दोन कॅमवर टेकलेल्या. कॅम म्हणजे ५६ एमएमच्या साध्या गोल चकत्या, सागवानी फळीतनं कापलेल्या, भोक मध्यापासून ८ एमएम सरकवलंय म्हणजे दांडी एकूण १६ एमएम वरखाली होते. कमरेचा कॅम खांद्याच्या कॅमपेक्षा पाव फेरा मागं लावलाय, म्हणजे आधी छाती खाली जाते मग कंबर. हलतं सगळं व्यवस्थित. पण बघितल्यावर पैलवान वाटत नाही, शिलाई मशीन वाटतं. आमच्या मंडळींनी हँडल फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, चांगलंय, पण ह्याला दम लागत न्हाई. चार दिवस झाले ते वाक्य डोक्यातनं जात नाही, कारण बरोबर हाय ते.

दुसरी अडचण पावसाची. उन्हाळ्यात लोण्यागत फिरणारे खोके आषाढ लागला की जाम. जात्याची बाई तर आता हलतच नाही. तिचा शाफ्ट लाकडीच हाय, ८ एमएमची गोल दांडी.

तिसरी, पान कुटणाऱ्या आजीचा कॅम गोगलगायीच्या शंखासारखा आहे, हळूहळू चढत जातो आणि एका जागी कडा एकदम तुटते, त्यामुळं बत्ता सावकाश उचलतो आणि टक्कन पडतो. पाहुण्यांच्या पोरानं हँडल उलटं फिरवलं, दांडी त्या उभ्या कडेत अडकली आणि मोडली. पोराची काही चूक नाही, हँडल दिसलं की कुणीही दोन्हीकडं फिरवून बघणारच. पण करायचं काय?

कोकणी_सुतार

फिटरदादा, पावसाचं मी सांगतो. मी सावंतवाडीचा, आमच्याकडे पाऊस म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे.

लाकूड दमट हवेत आडवं फुगतं, उभ्या रेषेत, म्हणजे झाड वाढतं त्या दिशेनं, जवळजवळ फुगतच नाही. आडव्यातसुद्धा दोन दिशा, गाभ्याकडून सालीकडे जेवढं फुगतं त्याच्या साधारण दुप्पट वलयाच्या कडेकडेनं फुगतं. म्हणून फळीतून कापलेली गोल चकती पावसाळ्यात गोल राहत नाही, लांबट होते. सागवान इतरांपेक्षा कमी हलतो, पण हलतो.

तुमच्या जात्याच्या बाईचा शाफ्ट का अडकला ते बघा. गोल दांडी फुगली की सगळीकडून जाड होते. पण ज्या फळीत भोक आहे ती फळी फुगली की भोक आडवं मोठं होतं, उभ्या रेषेत होतं तेवढंच राहतं. दांडी त्या उभ्या रेषेत जाऊन आवळते. मेण लावा, पावडर टाका, जागाच नाही तर काय फिरणार. लाकडाच्या भोकात लाकडाचा शाफ्ट हा विचारच सोडा. तुमच्या दारात लेथ आहेत, ६ एमएमचा स्टीलचा रॉड आणि दोन्ही बाजूंना पितळी बुश, म्हणजे रॉड ज्यात फिरतो ती नळी, बसवा. कॅम प्लायचे करा, १२ एमएम मरीन प्लाय चालेल, त्यात थर उभे-आडवे चिकटवलेले असल्यामुळं एक दुसऱ्याला फुगू देत नाही. बाहुलीला चपडा पॉलिश मारताना खालची बाजू, आतली बाजू, सांध्याच्या आतसुद्धा मारा. एकच बाजू रंगवली तर फळी वाकते.

आणि पांगारा कॅमला कधीच वापरू नका. आमच्याकडे लाकडी फळं त्याची होतात, हलकं असतं, रंग सुंदर घेतं, पण दांडी घासली की दबतं.

देखावा_राजारामपुरी

भावा, तो फाटका पडदा आमच्या मंडळाचा असणार बघ! मी १७ वर्षं देखाव्याचं काम करतोय. हलती मूर्ती, पाणी, लाईट सगळं.

माझं म्हणणं, तू हँडलचा हट्ट सोड. आम्ही गाडीची वायपर मोटर वापरतो, १२ व्होल्टची, तिच्यात आतच वर्मचा गियर असतो त्यामुळं वेग कमी आणि ताकद भरपूर, आणि मोटर बंद केली की हात वर असेल तर वरच राहतो, खाली येत नाही. भंगारात मिळते. हात हलवायचा तर मोटरला क्रँक, म्हणजे गोल फिरणारी आडवी पट्टी, लावायचा आणि सळईनं ओढायचं, संपलं. दहा दिवस रोज सहा सहा तास चालते. तू म्हणतोस ती कडेवर हालचाल लिहायची गोष्ट भारी हाय, पण आता सर्व्हो मोटर, म्हणजे सांगशील तेवढीच फिरणारी मोटर, आणि छोट्या बोर्डवर तेच काम होतं आणि चुकलं तर लाकूड परत कापावं लागत नाही, आकडा बदलला की झालं.

उलट्या हँडलचं सोपं हाय, सायकलचं फ्रीव्हील बसव. पुढं फिरवलं तर धरतं, उलटं फिरवलं तर नुसतं टिकटिक करत मोकळं फिरतं.

फिटर_उद्यमनगर

@कोकणी_सुतार, भोक एका दिशेनं आणि दांडी सगळीकडनं, हे इतक्या वर्षात कुणी सांगितलं नव्हतं. उद्याच बाईचा शाफ्ट काढतो. बुशचं म्हणाल तर पितळी रॉडचे तुकडे दुकानातच पडलेत.

@देखावा_राजारामपुरी, दादा तुमच्या कामाचा मला आदर हाय, तुमच्यामुळंच मी यात आलो. मांडवात हजार माणूस समोर उभं असतं, तिथं हँडल कोण फिरवणार, तिथं मोटरच पाहिजे. पण खोका एका माणसाच्या हातात असतो. हँडल फिरवताना जिथं वजन उचललं जातं तिथं हाताला कळतं, आजीचा बत्ता वर जाताना हँडल जड होतं आणि पडला की मोकळं होतं, पान कुटणाऱ्याच्या हाताला जे होतं तेच बघणाऱ्याच्या हाताला होतं. मोटर लावली की ते जाणवणं मोटरला होतं, माणसाला नाही. म्हणून मी हँडल सोडणार नाही. फ्रीव्हील मात्र आजीला शंभर टक्के लावतो.

जुना_प्रोजेक्टर

तुमच्या पैलवानाला काय कमी आहे ते मला वाटतं मी सांगू शकेन. मी सिनेमा थिएटरात ऑपरेटर होतो, रीळ होतं तोवर.

लोकांना वाटतं प्रोजेक्टरमध्ये फिल्म सारखी पळत असते. तसं नाही. प्रत्येक चित्र खिडकीसमोर येऊन थांबतं, पूर्ण थांबतं, तेवढ्यात प्रकाश पडतो, मग पडदी आड येते आणि तेवढ्या अंधारात पुढचं चित्र ओढलं जातं. हे करायला आत एक चार खाचांचं चाक असतं, माल्टिज क्रॉस म्हणायचो आम्ही. चालवणारी पिन एका फेऱ्यात फक्त पाव फेरा त्या चाकाला हलवते आणि पाऊण फेरा ते चाक गप्प असतं. म्हणजे जे हलताना दिसतं ते सगळं थांबण्यावर उभं आहे. फिल्म न थांबता पळवली तर पडद्यावर नुसत्या रेघा दिसतात.

आपल्या बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा तयार केला, त्यांनाही कोडं हेच सोडवावं लागलं असणार, कॅमेऱ्यातही फिल्म तशीच थांबत थांबत जावी लागते. शंभर वर्षांपूर्वी, याच गावात, हातानं फिरवायच्या हँडलवर.

तुमची चकती गोल आहे, भोक फक्त सरकवलेलं आहे. अशा चकतीवर दांडी सतत हलतच असते, वरच्या टोकाला पोचते ना पोचते तोच खाली निघते. माणूस असा कधी हलत नाही. तुमचा पैलवान कुठे थांबतो ते आधी शोधा.

लालमाती

वरचं काकांचं बरोबर आहे आणि मी तालमीत दहा वर्षं काढलीत म्हणून अजून सांगतो. जोर म्हणजे जिमचे पुशअप नव्हेत, तुम्ही दोन दांड्या लावल्यात ते चांगलं केलंय. सुरुवातीला हात पुढं, पाय मागं, कंबर सगळ्यात उंच. मग कोपरं वाकवून छाती दोन हातांच्या मधनं जमिनीला घासल्यासारखी पुढं जाते, आणि वर येताना आधी मान उठते, मग छाती, आणि त्या वेळी कंबर खालीच असते. कंबर उचलून मागं गेलं की एक जोर पुरा झाला. मागं गेल्यावर गडी क्षणभर थांबतो, दम धरतो, मग पुढचा. नवीन पोरगं थांबत नाही, पन्नासाव्या जोराला गळतं. वस्ताद हातात काठी घेऊन तेच बघत असतात, खाली किती गेला हे कुणीही बघंल, वर कसा थांबला हे वस्ताद बघतात.

तालमीत या एकदा पहाटे. मोबाईलवर शूटिंग करा, आधी वस्तादांना विचारा फक्त.

फिटर_उद्यमनगर

जाऊन आलो. @लालमाती, तुमचे उपकार झाले.

पहाटे साडेपाचला गेलो, वस्तादांनी आधी माती कपाळाला लावायला लावली मग बसू दिलं. एका गड्याचे ४० जोर शूट केले आणि दुकानात येऊन एकेक फ्रेम पुढं सरकवत मोजल्या, रात्रीचे दोन वाजले. बारावा जोर निवडला कारण तोवर त्याची लय लागली होती. एका जोराला ७२ फ्रेम. फेरा ३६० अंशाचा, म्हणजे एका फ्रेमला कॅमवर ५ अंश, हिशोबाला किती बरं पडलं बघा. त्यात मागं कंबर वर करून थांबणं १८ फ्रेम, छाती खाली १६, जमिनीलगत पुढं ८, वर उठणं १४, कंबर मागं नेणं १६.

म्हणजे ७२ मधल्या १८ फ्रेम गडी जागेवर हाय! कॅमवर ९० अंश, पाव फेरा, काहीच नाही. आणि माझ्या चकतीवर तो पाव फेरा कुठंच नव्हता.

हे बघून मला आपल्याच इंजिनाची आठवण आली आणि मीच मला विचारलं की इतकी वर्षं हे डोळ्यासमोर असून दिसलं कसं नाही. इंजिनच्या कॅमला नाक केवढंसं असतं? बाकी सगळा गोल भाग असतो, त्या गोल भागावर टॅपेट असतो तोवर व्हॉल्व्ह बंद, हलत नाही. कॅमचा साधारण दोनतृतीयांश फेरा व्हॉल्व्ह गप्प बसलेला असतो आणि म्हणून इंजिन चालतं. मी रोज नाकच तपासत आलो, झिजलंय का बघत, गोल भागाकडं कधी लक्ष दिलं नाही.

आता खांद्याचा कॅम असा मांडलाय: ९० अंश वर थांबा, ८० अंशात खाली, ४० अंश खालीच, ७० अंशात वर, उरलेले ८० अंश वर. कमरेचा वेगळा: ९० अंश वर थांबा, मग १२० अंशांत सावकाश खाली, ७० अंश खालीच, आणि ८० अंशात वर. कागदावर काढलाय. भीती एवढीच की ७० अंशात १६ एमएम चढायचं म्हणजे चढ उभा होतोय, दांडी अडकेल का?

ड्रॉइंगबोर्ड

दादा, मी मेकॅनिकलला शेवटच्या वर्षाला आहे, हे आम्हाला थिअरीत होतं, तुमच्यामुळे पहिल्यांदा कामाला आलं. हिशोब करून बघितला.

दांडी वर ढकलायची तर कॅमनं तिला सरळ वर ढकलायला हवं, पण चढावर तो तिला तिरकं ढकलतो. तो तिरकेपणा किती अंशाचा ते बघायचं, सरळ वरखाली जाणाऱ्या दांडीला ३० अंशांच्या आत ठेवावा असं शिकवतात. तुमच्या चकत्यांची सगळ्यात लहान त्रिज्या २० एमएम होती. तीच ठेवून ७० अंशांत १६ एमएम चढवलं तर तिरकेपणा साधारण ३६ अंश येतो, अडकणार. तोच कॅम मोठा केला, लहान त्रिज्या ३० एमएम घेतली, तर २८ अंशांवर येतो. चढ तेवढाच, पण लांब रस्त्यावर पसरला, घाटात वळणं देऊन रस्ता लांबवतात तसं. म्हणजे कॅम मोठा करा, खोका दोन सेंटिमीटर उंच करा.

चढाची सुरुवात आणि शेवट एकदम करू नका. अर्धवर्तुळ काढून त्याचे सारखे ६ भाग करा, ७० अंशांचेही ६ भाग करा, आणि अर्धवर्तुळावरच्या बिंदूंच्या उंच्या एकेका भागाला द्या, म्हणजे दांडी हळू सुटते, मधे वेग घेते, हळू थांबते. कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही, कंपास पुरतो.

आणि दांडीला एकाच फळीच्या भोकात धरू नका, वर एक आणि खाली एक अशा दोन फळ्यांत धरा. एकाच पातळ फळीत ती तिरकी होऊन दातखिळी बसल्यासारखी अडकते.

एक शंका फ्रीव्हीलबद्दल. आजीला चालेल कारण तिथं दांडी एकदम सरळ खाली पडते. पैलवानाला मात्र जपून. छाती खाली येताना दांडीचं वजन उतारावरून कॅमला पुढं ढकलतं आणि फ्रीव्हील असेल तर शाफ्ट हँडलला मागं टाकून पुढं पळेल.

देखावा_राजारामपुरी

पोरगं बरोबर बोलतंय, उताराचं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मग पैलवानाला साधी खिट्टी लाव, शाफ्टवर दात्याचं चाक आणि वर पडती पट्टी. हँडल शाफ्टला पक्कं, उलटं फिरणारच नाही.

आणि फिटर, ते ७२ फ्रेमचं वाचून मी आमच्या गेल्या वर्षीच्या मारुतीचा व्हिडिओ काढून बघितला. गदा सारखी वरखाली वरखाली, कुठं थांबतच नाही. क्रँक हाय ना, क्रँकवर थांबा नसतोच. यंदा मोटर ठेवणार पण क्रँक काढून कॅम लावणार. तीन फुटाचा कॅम कशाचा करू तेवढं सांग.

फिटर_उद्यमनगर

दादा, १८ एमएम प्लाय, दोन थर चिकटवून, आणि कडेला लोखंडी पट्टी वाकवून स्क्रूनं मारा. दांडीच्या टोकाला बेअरिंग बसवा, एवढ्या वजनाला लाकूड घासत ठेवलं तर दोन दिवसात खाईल. बेअरिंगचं तुम्हाला मी काय सांगणार. पट्टी वाकवायला घेऊन या दुकानात, मिळून करू.

कागलची_मास्तरीण

फिटरदादा, प्लाय कापायच्या आधी पुठ्ठ्यावर बघत जा ही विनंती. मी सातवीच्या मुलांकडून हे करून घेते. बुटांचा खोका, बांबूच्या काड्या, काडीला बुश म्हणून स्ट्रॉचा तुकडा, आणि कॅमला नालीदार पुठ्ठ्याचे दोन थर एकावर एक आडवे चिकटवायचे, एकच थर नालीच्या दिशेनं वाकतो. कोकणी_सुतारांनी प्लायचं सांगितलं ते आमच्या पुठ्ठ्यालाही तसंच लागू आहे हे आज कळलं. पुठ्ठ्याचा कॅम पाच मिनिटांत कापून होतो, पैलवान कुठे घाई करतोय ते दिसतं, कात्रीनं कड थोडी उतरवायची, परत फिरवायचं.

मुलांकडून मी एक गोष्ट शिकले. उभ्या चकतीवर आडवी चकती टेकवली आणि ती मध्यावर न टेकवता एका बाजूला टेकवली, तर ती वरखाली होता होता गोल पण फिरते. मध्यावर टेकवली की फिरत नाही. एका मुलीनं उभ्या चकतीच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली, पकड आली. तिची चिमणी उडी मारून मागं वळून बघते, एकाच कॅमवर.

भटकी_लेखणी

खूप सुंदर धागा. मला हातानं काही बनवता येत नाही, पण बघायला मी लांब लांब जाते म्हणून लिहिते. तुमच्या घरच्यांनी "दम लागत नाही" म्हटलं ना, त्यावरून.

स्वित्झर्लंडमध्ये न्यूशातेलच्या संग्रहालयात जाके-द्रो बापलेकांनी १७६८ ते १७७४ या काळात बनवलेल्या तीन बाहुल्या आहेत. त्यातला लिहिणारा मुलगा सुमारे ६००० भागांचा, खऱ्या पिसानं ४० अक्षरांपर्यंतचा कुठलाही मजकूर लिहितो, पाठीत कॅमची चळत आहे. लिहितो हे आश्चर्य आहेच, पण तो पीस दौतीत बुडवून आधी झटकतो, आणि त्याचे डोळे लिहिण्याबरोबर सरकतात. तिसरी बाहुली वाद्य वाजवणारी मुलगी, बोटांनी खरोखर वाजवते, आणि तिची छाती श्वासासारखी वरखाली होते. सूर येण्याशी त्या श्वासाचा काही संबंध नाही. तरी तो घातला.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे टिपू सुलतानाचा लाकडी वाघ, आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. हँडल फिरवलं की वाघाखाली पडलेल्या माणसाचा हात उठतो आणि आत भात्यातून त्याचं विव्हळणं, वाघाचं गुरगुरणं येतं. तिथंही श्वासच. आणि जवळ बघायचं तर हैदराबादला सालारजंग संग्रहालयात घड्याळातला छोटा दाढीवाला माणूस दर तासाला बाहेर येऊन टोल देतो. मी बाराच्या ठोक्याला गेले होते, दीडशे-दोनशे माणसं श्वास रोखून उभी. भोजराजाच्या अकराव्या शतकातल्या समरांगणसूत्रधार या ग्रंथात तर एकतिसावा अख्खा अध्याय यंत्रांवर आहे, त्यात हलत्या बाहुल्या आहेत, पक्षी आहेत.

तुमच्या त्या ९० अंशांच्या थांब्यात पैलवान अगदी लाकडासारखा थांबतो की त्याची छाती हलते?

फिटर_उद्यमनगर

पंधरा दिवस लिहिलं नाही, काम चालू होतं. आता सगळं एकदम सांगतो.

मॅडमनी सांगितलं तसं आधी पुठ्ठ्याचे कॅम केले, सात जोड झाले. मग १२ एमएम प्लायचे, लहान त्रिज्या ३० एमएम. ६ एमएमचा शाफ्ट, पितळी बुश, दांड्यांना वरखाली दोन फळ्या. खिट्टीचं चाक १२ दात्यांचं. पहिल्या फेऱ्यालाच फरक दिसला. पैलवान मागं जातो, कंबर वर, थांबतो, आणि मग छाती खाली घालतो, मान आधी वर येते. दहा फेरे मीच फिरवत बसलो.

पण ताईंचा प्रश्न वाचल्यापासनं चैन नव्हतं. थांबल्यावर तो खरंच लाकूड होत होता. परत तालमीतलं शूटिंग काढलं, त्या १८ फ्रेम एकेक बघितल्या, तर गड्याचे खांदे थांब्यात एकदा किंचित वर येऊन खाली बसतायत. फार नाही. मग कॅमच्या त्या ९० अंशांच्या गोल भागावर मधोमध १ एमएमचा उंचवटा ठेवला, ४० अंशांत पसरलेला, कानशीनं आणि पॉलिश पेपरनं. आधी कॅम कापताना तेवढं लाकूड राखलं नव्हतं म्हणून खांद्याचा कॅम नवीन कापावा लागला. आता थांबल्यावर खांदे हलकेच उचलतात, बसतात, मग तो खाली जातो.

आवाज फार होता, दांडीचं टोक प्लायवर खरखर करायचं. चप्पल लाईनला ओळखीच्या एकांकडनं कातड्याचे तुकडे आणले, टोकाला कातड्याची टोपी बसवली आणि पेन्सिलचं शिसं घासलं. आता फक्त खिट्टीचा आवाज येतो, तो मी ठेवलाय.

आमच्या मंडळींना काही न सांगता खोका ओट्यावर ठेवला. त्यांनी हँडल फिरवलं. दुसऱ्या जोराला पैलवान मागं जाऊन थांबला तेव्हा त्यांचा हात पण आपोआप हळू झाला. वीसेक जोर मारून घेतले. मग म्हणाल्या, आता बास, दमला असंल.

जात्याची बाई पण फिरायलीय, परवा दिवसभर धो धो पाऊस होता, तरी फिरली. आजीला फ्रीव्हील बसलं.

लालमाती

फिटरदादा, काल दुकानात येऊन बघून गेलो, तुम्ही पंपावर होता, पोरानं दाखवलं. खांद्याचं ते उचलणं अगदी तसंच आहे. वस्तादांना व्हिडिओ दाखवला, त्यांनी तीनदा बघितला आणि म्हणाले, उजवा कोपर बाहेर जातोय त्याचा, आत घ्यायला सांग. आणि विचारलं, शड्डू ठोकतो का?

फिटर_उद्यमनगर

कोपर खरंच बाहेर हाय, खिळा एक एमएम बाजूला गेलाय माझा. आजच काढतो.

शड्डूचं रात्रभर डोक्यात होतं. हात सावकाश वर जायला पाहिजे आणि मांडीवर एकदम पडायला पाहिजे, म्हणजे तो गोगलगायीचाच कॅम. आजीचा मोडलेल्या दांडीवेळचा जुना कॅम ड्रॉवरमध्ये हाय, कड थोडी झिजलीय पण पुठ्ठ्यावर छापून घ्यायला चालंल. @लालमाती, शड्डू ठोकताना हात मांडीच्या नेमका कुठं पडतो, वर की आतल्या अंगाला, तेवढं वस्तादांना विचारून सांगा.